चौथं बोट

मी पियानो बोलतोय. फिलिपीन्समधल्या जारो गावातल्या ताबोरादांच्या घरात, खालच्या खोलीत, खिडकीशेजारी साठ वर्षं उभा असलेला पियानो. वाजायचं माझं आता संपलं आहे, म्हणून बोलतोय. वाजत होतो तोवर बोलायची गरज कधी पडली नाही. एकदाच पडली, नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा मला बोलता आलं नाही. तीच हकिगत सांगतो.

माझा जन्म मनिलातला, लढाई संपल्यावर दोन वर्षांनी. शहर अजून अर्धं पडकंच होतं. एका चिनी सुताराच्या कारखान्यात मला जोडलं. बाहेरचं अंग इथल्याच जंगलातल्या लालसर नारा लाकडाचं. तारांमागचा मोठा फळा मात्र बर्फाच्या मुलखातून जहाजानं आलेला. त्यामुळे मला थंडी आठवते आणि उकाडा सोसतो. शेवटच्या दिवशी त्या सुतारानं माझ्या एकेका पट्टीवर बोट टेकवलं, सगळ्या ऐकल्या आणि झाकण लावून घेतलं. त्याला स्वतःला वाजवता येत नव्हतं.

मला विकत घेतलं ते इलोइलो बंदरातल्या एका कारकुनानं. साखरेच्या गोदामात नोकरी करणारे हे ताबोरादा. जहाजातून मी धक्क्यावर उतरलो आणि तिथून रेड्याच्या गाडीतून जारोला आलो. मला वरच्या मजल्यावर न्यायचं ठरलं होतं. सहा जणांनी जोर लावला, जिन्याची तिसरी पायरी कर्रकन वाजली आणि ताबोरादा ओरडले, "थांबा, थांबा! राहू दे त्याला खालीच. वर नेलं तर तो वर राहील आणि जिना आपल्याला उचलून ठेवावा लागेल."

अशी माझी जागा ठरली. खालची खोली. पुढे तेच माझ्या जिवावर बेतणार होतं, पण तेव्हा कुणाला काय माहीत!

घरात तिघं. ताबोरादा, त्यांची बायको तिनांग आणि मुलगी फ्लोरदेलिस. सगळे तिला लिसिंग म्हणत. वय वर्षं सात. स्टुलावर बसली की पाय जमिनीपासून वीतभर वर लोंबायचे. पहिल्या दिवशी तिनं माझ्यावर दोन्ही हात ठेवले आणि काही न वाजवता नुसती बसून राहिली. माणसं माणसाला डोळ्यांनी ओळखतात, मी बोटांनी ओळखतो. ती दहा बोटं मला तेव्हाच आवडली.

बोटांचं एक सांगतो, कारण पुढे लागणार आहे. अंगठा दांडगट असतो, त्याला आवरावं लागतं. तर्जनी शहाणी. मधलं बोट भरवशाचं. करंगळी लहान असली तरी तिखट. चौथं मात्र सगळ्यांचंच दुबळं. त्याला एकट्याला उठता येत नाही, शेजारच्यांना धरून उठतं. चांगला वादक व्हायचं म्हणजे आयुष्यभर या चौथ्या बोटाची मनधरणी करायची.

लिसिंगनं ती केली. सकाळी शाळेच्या आधी एक तास, संध्याकाळी तीन. शाळेतल्या एक जर्मन नन तिला शिकवत. त्या घरी यायच्या, शेजारी बसायच्या आणि चुकलं की हातावर पट्टी मारायच्या नाहीत, फक्त "हं" म्हणायच्या. लिसिंगला त्या "हं"ची पट्टीपेक्षा जास्त भीती.

आमच्याकडची हवा दमट. लाकूड फुगतं, लोखंड गंजतं, वाळवी वास काढत येते. म्हणून माझ्या पोटात विजेचा एक छोटा दिवा लावून ठेवत, आतून कोरडा राहावा म्हणून. तो लावायचं काम तिनांगचं, लिसिंगच्या नानायचं, म्हणजे आईचं. शेजारणी चिडवायच्या, "तिनांगच्या घरी देवाच्या आधी पियानोला दिवा लागतो गं!" ती म्हणायची, "देवाला गंज चढत नाही, बाई."

लिसिंग मोठी झाली, मनिलाला शिकायला गेली, तिथून शिष्यवृत्ती मिळवून व्हिएन्नाला गेली. मी सात वर्षं मुका होतो. त्यातच ताबोरादा वारले. नानाय रोज दिवा लावायची, फडक्यानं पुसायची आणि एखादी पट्टी दाबून बघायची. गाणं तिला येत नव्हतं. "आहेस ना?" असं विचारल्यासारखी ती पट्टी दाबायची.

लिसिंग परत आली तेव्हा तिची बोटं बदलली होती. काय सांगू! तीच दहा, पण आता ती माझ्याकडून असे आवाज काढायची की माझ्यात ते आहेत हे मलाच ठाऊक नव्हतं. मनिला, सिंगापूर, हाँगकाँग, बँकॉक. सहा वर्षं ती कार्यक्रम करत फिरली. मोठमोठ्या सभागृहांतल्या मोठमोठ्या पियानोंवर ती वाजवायची, पण त्याआधी महिना महिना इथे माझ्यावर घासायची. लोक टाळ्या वाजवतात तो शेवटचा अर्धा तास असतो. बाकीचे शेकडो तास माझ्याकडे असायचे. याचा मला अभिमान होता, आजही आहे.

ती एकोणतीस वर्षांची असताना मनिलात एका मोठ्या कार्यक्रमाचं ठरलं. कॉन्चेर्टो वाजवायचा होता. एकीकडे सगळा ऑर्केस्ट्रा आणि समोर एकटा पियानो. त्या रचनेत एक जागा आहे. सुरांची माळ डावीकडून धावत वर जाते आणि अगदी टोकाला, उजव्या हाताचं चौथं बोट एका पट्टीवर पडतं. तिथे क्षणभर सगळं थांबायला हवं.

एका सकाळी ते बोट उशिरा पडलं.

उशिरा म्हणजे किती? तुमची पापणी लवते त्याच्याही आत. कुणाला कळलं नसतं. मला कळलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी ते पडलं, पण जीव नसल्यासारखं, पट्टी अर्धीच दबली. लिसिंगनं हात मागे घेतला, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "ही पट्टी अडकतेय."

मी अडकत नव्हतो हो! पण सांगणार कसा?

तिनं नोंग बेस्योला, म्हणजे बेस्योदादाला, बोलावलं. माझे सूर लावायचं काम तो करायचा. काळा, किडकिडीत, चाळिशीचा माणूस, कानावर कायम पेन्सिल. त्यानं मला उघडलं, ती पट्टी बाहेर काढली, उजेडात धरली, परत बसवली, शंभर वेळा दाबली.

"इंदाय लिसिंग, पट्टीत काही नाही." पोरीबाळींना आमच्याकडे मायेनं इंदाय म्हणतात.

"अडकतेय, नोंग. मला बोटाला लागतंय ते."

"बरं." त्यानं पट्टीखालचा लोकरीचा नमदा थोडा खरवडला, पितळी खिळा घासला. दुखत नसलेला दात काढल्यासारखं ते झालं. जाताना म्हणाला, "आता नाही अडकणार."

दुसऱ्या दिवशी ती माळ वर धावली आणि टोकाला पोचताच चौथं बोट आणि करंगळी, दोन्ही आत वळली. मुठीत काहीतरी लपवतायत अशी. लिसिंगनं डाव्या हातानं ती उघडली. पुन्हा सुरू केलं. पुन्हा वळली. अकरा वेळा तिनं करून बघितलं. मग तिनं झाकण लावलं आणि त्यावर कपाळ टेकवलं. मी तिचा श्वास ऐकत होतो.

मनिलाच्या डॉक्टरांना काही सापडलं नाही. हाड ठीक, शीर ठीक. त्याच हातानं ती लिहायची, भात खायची, सुईत दोरा ओवायची. फक्त पट्ट्यांवर हात ठेवला की ती दोन बोटं तिचं ऐकेनाशी व्हायची. एकानं सांगितलं, मनाचा थकवा आहे. दुसऱ्यानं सांगितलं, लग्न करा.

कार्यक्रम रद्द करावा लागला. का, ते तिनं कुणाला सांगितलं नाही. तार केली: आई अचानक आजारी, मला जारोतच राहावं लागेल.

तार करून ती घरी आली तेव्हा नानाय माझ्याजवळ उभी राहून दिव्यावरची धूळ पुसत होती.

"नानाय, कुणी विचारलं तर तू आजारी आहेस."

"मी? अगं, आताच ला पाझच्या बाजारातून दोन हातांत दोन पिशव्या घेऊन आले. निम्म्या जारोनं बघितलंय मला."

"थोडेच दिवस. बोटं बरी होईपर्यंत."

नानायनं फडकं खाली ठेवलं. मग बसली. "कुठला आजार सांगितलास?"

"अर्धांगवायू. हलका."

"कुठल्या बाजूचा?"

"बाजू नाही सांगितली."

"मग डावी धरू या," नानाय म्हणाली. "उजव्या हातानं मासे साफ करायचे असतात मला."

लिसिंग हसली. हसता हसता रडायला लागली आणि नानाय तिचा तो उजवा हात मांडीवर घेऊन चोळत बसली.

ते थोडे दिवस नऊ वर्षं चालले. नानाय देवळात काठी टेकत जायची, डावा पाय ओढत. तिचं बाजारात जाणं बंद झालं. फेब्रुवारीत गावजत्रेला सगळं जारो रस्त्यावर यायचं, ती खिडकीत बसून बघायची. घरात एकटी असली की भराभर चालायची, चूल पेटवायची, गुणगुणायची. फाटकात कुणाची चाहूल लागली की झटकन खुर्चीत. मी रोज बघायचो. हळूहळू तो डावा पाय खरंच बारीक झाला. एके दिवशी फाटकात कुणी नव्हतं तरी तिला उठता येईना.

ती गेली तेव्हा पाद्रीबाबा म्हणाले, "आईसाठी या मुलीनं केवढं जग सोडलं!" सगळ्यांनी डोळे पुसले. लिसिंग मान खाली घालून उभी होती. कुणी कुणासाठी काय सोडलं ते त्या घरात दोघांनाच ठाऊक होतं, तिला आणि मला.

लिसिंग शिक्षिका झाली. आता ती मिस ताबोरादा, मुलं मॅम म्हणायची. दुपारी दोनपासून फाटक वाजायला लागायचं. आंबा खाऊन चिकट हातांनी येणारी मुलं, आईनं ढकलत आणलेली मुलं, एक वकिलीणबाई ज्यांना फक्त मुलीच्या लग्नापुरतं एक गाणं शिकायचं होतं. सगळ्यांच्या बोटांचा मला परिचय झाला. मॅम शिकवायच्या त्या गाऊन, किंवा डाव्या हातानं दाखवून. उजवा हात झाकून ठेवल्यासारखा कायम मांडीवर. लोकांना वाटायचं, मोठ्या कलावंतांची अशीच पद्धत असते.

मग जेर्लिन आली. नऊ वर्षांची. समोरच्या गिमारास बेटावरून तिचा बाप तोन्यो तिला स्वतःच्या नावेतून घेऊन आला. दारात आंब्यांची टोपली ठेवून म्हणाला, "मॅम, ही देमाईसिपांची पोर. आमच्या देवळातल्या पेटीवर बसली की उठत नाही. पाद्रीबाबा म्हणाले, एक तर हिला शिकव नाहीतर पेटीला कुलूप घाल."

"काय वाजवतेस, इंदाय?"

"देवळात म्हणतात ते सगळं," जेर्लिन म्हणाली. "पण तिथले म्हणतात त्यापेक्षा बरं."

"ए!" तोन्यो दटावत म्हणाला. मॅम मात्र बाजूला सरकल्या आणि तिला स्टूल दिलं.

तिनं हात ठेवले आणि मला लहानपणीची लिसिंग आठवली. तसाच हात नव्हता. हा रुंद होता, वल्ही मारणाऱ्याच्या पोरीचा. पण पट्टीच्या तळाशी जाऊन तिथे थोडं थांबायची सवय तीच. शिकवून येत नाही ती.

आठ वर्षं दर शनिवारी ती नावेतून आली. समुद्र खवळला असेल तर भिजून यायची आणि मॅम तिचं डोकं पुसत पुसत सूर म्हणायच्या. मॅमच्या आवाजात मी पुन्हा हसू ऐकलं. सतरा वर्षांची झाली तेव्हा मनिलातल्या एका मोठ्या स्पर्धेचं पत्र आलं. जिंकली तर युरोपात शिकायला मिळणार होतं. जेर्लिन मुक्कामालाच आली. मॅमनी कपाटाच्या तळातून एक पिवळी पडलेली वही काढली आणि माझ्यावर ठेवली.

तोच कॉन्चेर्टो.

मला बोलता आलं असतं तर तेव्हाच म्हणालो असतो, हा नको. पण मॅमचा चेहरा बघून कदाचित नसतोही म्हणालो.

जेर्लिन दिवसाला सात-आठ तास वाजवू लागली. मॅम मागे खुर्चीत, पायानं ताल धरून. "पुन्हा." "अजून एकदा." "वर जाताना घाई नको." स्पर्धेला सात आठवडे उरले होते तेव्हा एका सकाळी ती माळ वर धावली, आणि टोकाचं चौथं बोट उशिरा पडलं.

माझ्या सगळ्या तारा थंड पडल्या. मागे मॅमचा पाय ताल धरायचा थांबला.

म्हणजे त्यांनी ऐकलं होतं. मला वाटलं, आता उठतील, आता सांगतील. थोडा वेळ गेला. मग त्या म्हणाल्या, "पुन्हा."

असे अकरा दिवस गेले. रोज ते बोट थोडं अधिक उशिरा यायचं. रोज मॅमचा पाय त्या जागी थांबायचा आणि रोज त्या "पुन्हा" म्हणायच्या. जेर्लिन स्वतःवर चिडायची, हात झटकायची, अजून जोरानं वाजवायची. जोरानं वाजवणं हेच तिथे विष होतं. मला माहीत होतं, मॅमना माहीत होतं. जिला माहीत नव्हतं तिचाच हात होता. मी काय करू शकत होतो? एखादी तार तोडून घ्यावी असं वाटायचं. पण तार तुटते ती तिच्या वेळेला, माझ्या मनानं नाही.

बाराव्या दिवशी मॅम म्हणाल्या, "ही पट्टी अडकतेय. नोंग बेस्योला बोलावते."

नोंग आता साठी ओलांडलेला. चष्मा दोऱ्यानं बांधलेला, कानावर पेन्सिल तशीच. त्यानं मला उघडलं, पट्टी काढली, उजेडात धरली आणि धरूनच राहिला.

"काय झालं, नोंग?" मॅमनी विचारलं.

"हा खिळा मीच घासला होता, इंदाय लिसिंग. बावीस वर्षांपूर्वी. तेव्हाही तुम्ही हीच पट्टी दाखवली होती." त्यानं पट्टी परत बसवली. "पट्टीत तेव्हाही काही नव्हतं. आताही नाही."

नोंगनं हत्यारं पिशवीत भरली. जाताना दारात थांबून म्हणाला, "पियानो बिचारा कुणाला उलट बोलत नाही म्हणून आपण त्याच्यावर ढकलतो. पोरीचा हात बघा."

मॅम माझ्यासमोर आल्या. "ऊठ, इंदाय." जेर्लिन उठली. मॅम स्टुलावर बसल्या आणि बावीस वर्षांनी त्यांनी उजवा हात माझ्यावर ठेवला. माळ सुरू झाली. पहिले सूर काय सुंदर होते! मग टोक आलं आणि ती दोन बोटं आत वळली. त्यांनी हात तसाच वर धरला, वळलेल्या बोटांसकट.

"हे बघ. नीट बघ. आई आजारी नव्हती माझी. हे झालं होतं. तुझं होतंय तेही हेच. आजपासून बंद. सहा महिने या पट्ट्यांना हात लावायचा नाही."

"सहा महिने? मॅम, पाच आठवड्यांनी स्पर्धा आहे!"

"नाही जायचं."

"माझा हात दुखत सुद्धा नाही."

"माझाही दुखत नव्हता."

जेर्लिन त्या बोटांकडे बघत होती. मग एकदम तिनं विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. मला वाटतं, मॅमच्या मनात तेही येऊन गेलं. "अकरा दिवस झाले."

"अकरा दिवस तुम्ही मागे बसून ऐकत होतात? आणि 'पुन्हा' म्हणत होतात?"

जेर्लिननं वर जाऊन कपडे भरले. दुपारी तोन्यो आला. मॅमनी त्याला सगळं सांगितलं. त्याला निम्मं कळलं. तो मुलीला म्हणाला, "अगं, मॅम म्हणतायत तर ऐक ना."

"त्यांचा राहून गेलेला कार्यक्रम त्यांना माझ्या हातानं उरकायचा होता, तातय. आता हात बिघडला तर म्हणे घरी जा. मी जाणार मनिलाला. मला येतं वाजवायला."

फाटक वाजलं. मी ते फाटक ओळखतो, जोरात आपटलं की दोनदा वाजतं.

ती मनिलाला गेली. पहिल्या फेरीत निवडली गेली. दुसऱ्या फेरीत, स्टेजवर, सगळ्यांसमोर, त्याच जागी तिचा हात मिटला. हे आम्हाला एका विद्यार्थ्याच्या आईकडून कळलं. तिनं सहज सांगितलं, केळ्याचे तळलेले काप खाता खाता. मॅम त्या दिवशी शिकवणी अर्धी सोडून वर गेल्या.

त्यांनी तिला पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. शिकवणं त्यांनी सोडलं नाही, पण एक नवीन गोष्ट सुरू केली. मूल आलं की आधी त्याचे दोन्ही हात हातात घ्यायच्या, एकेक बोट दाबायच्या आणि विचारायच्या, "दुखतंय का? जड वाटतंय का?" मुलं हसायची. बाहेर एकमेकांना नक्कल करून दाखवायची, "दुखतंय का, इंदाय?" मॅमना ते ऐकू यायचं. त्या विचारतच राहिल्या. सोळा वर्षं.

मग या जूनमधलं वादळ आलं. पाऊस दोन दिवस होताच, शनिवारी दुपारी नदी रस्त्यावर आली. आधी दाराखालून एक तपकिरी रेघ. मग गालिचा उचलला गेला. मॅम सदुसष्ट वर्षांच्या. त्यांनी माझ्या वह्या वर नेल्या, स्टूल वर नेलं, मग येऊन मलाच ढकलायला लागल्या. माझं वजन अडीचशे किलो. अंथरूण-पांघरूण असतं तर गुंडाळून नेलं असतं. पाणी त्यांच्या गुडघ्याला लागलं तेव्हा शेजारचा माणूस खिडकीतून ओरडला, "मॅम, लाकूड आहे ते! तुम्ही वर चला!"

"लाकूड नाही!" त्या ओरडल्या.

त्यानं आत येऊन त्यांना उचलूनच जिन्यावर नेलं. त्या वरच्या पायऱ्यांवर बसून माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांना खाली येता येत नव्हतं, मला वर जाता येत नव्हतं. पाणी माझ्या पेडलवर आलं, मग पोटात शिरलं. दिवा फुटला. नमदे पाणी पिऊन फुगले, सरस सुटायला लागला, आतल्या हातोड्या आपोआप हलल्या आणि तारांवर टेकल्या. कुणी न वाजवता माझ्यातून चार-पाच सूर निघाले, बेसूर, मध्येच. मॅमनी कान झाकून घेतले. तो माझा शेवटचा आवाज.

पाणी उतरलं तेव्हा माझ्यात चिखल भरला होता. पाचव्या दिवशी फाटक वाजलं. दारात एक बाई उभी, हातात बादली, पायात रबरी बूट. तेहतीस वर्षांची जेर्लिन.

"तातय म्हणाले जारो सगळं बुडालं," ती म्हणाली. "म्हणून आले."

मॅम खुर्चीतून उठल्या नाहीत. "जेवलीस का?"

"बोटीत खाल्लं."

एवढंच बोलून ती कामाला लागली. माझा पुढचा फळा काढला, ओंजळीनं चिखल उपसला. फडकं पिळताना तिचा उजवा हात मिटायचा, मग ती डाव्यानं पिळायची. मॅम येऊन शेजारी बसल्या आणि पट्ट्या पुसू लागल्या. मधून मधून थोडंसं बोलणं व्हायचं. जेर्लिन बेटावर देवळातल्या मुलांना गायला शिकवते. लग्न केलं नाही. तोन्योच्या गुडघ्याचं दुखणं वाढलंय.

दुपार कलल्यावर तिनं हात न थांबवता विचारलं, "ते अकरा दिवस तुम्ही का बोलला नाहीत?"

मॅम बराच वेळ एकच पट्टी पुसत राहिल्या. "मला वाटलं, माझं नाही झालं, तुझं तरी होईल. तुझं झालं की माझंही झाल्यासारखं. रोज वाटायचं, आज सांगते. मग तू वाजवायला लागायचीस. इतकं सुंदर वाजवायचीस, इंदाय, की मी आणखी एक दिवस मागून घ्यायचे."

जेर्लिननं "असू दे" म्हटलं नाही. क्षमा केली असंही काही बोलली नाही. तिनं बादली उचलली, अंगणात रिकामी केली, परत आली आणि त्यांच्याशेजारी बसली. मग तिनं मॅमचा उजवा हात धरला, पट्ट्यांवर ठेवला आणि आपला हात त्याशेजारी. दोघींनी मिळून दाबलं. माझ्या आयुष्यात मला कधी आवाज द्यावासा वाटला नसेल इतका त्या क्षणी वाटला. एक सूर, निदान अर्धा. पण फुगलेल्या लाकडातून एकही पट्टी हलली नाही. दोघी तशाच बसून राहिल्या.

जेर्लिन दुसऱ्या दिवशीही आली. तिसऱ्याही. चौथ्या दिवशी सुताराला घेऊन आली. त्यानं मला ठोकून बघितलं आणि मान हलवली. नारा लाकूड चांगलं आहे, म्हणाला, बाकी काही उरलेलं नाही. उद्या सकाळी तो माझं लाकूड सोडवून न्यायला हत्यारं घेऊन येईल. जेर्लिन मॅमना थोडे दिवस बेटावर घेऊन जाणार आहे, म्हणजे त्यांना ते बघायला लागू नये. मॅम "नको, नको" म्हणतायत, पण पिशवी भरतायत.

मी कुणावर रागावलेलो नाही. साठ वर्षांत माझ्यावर जे हात पडले ते सगळे मी सांभाळून ठेवले आहेत. फक्त एक गोष्ट तुमच्याकडे ठेवून जातो. तुमच्या घरात, तुमच्या शाळेत, तुमच्यासमोर कुणी जीव तोडून काही करत असेल, आणि त्याचं काहीतरी बिघडतंय हे तुम्हाला त्याच्या आधी कळलं असेल, तर वाट बघू नका. मला दोनदा कळलं होतं आणि मला "थांब" म्हणता आलं नाही. मी पियानो होतो. तुम्हाला म्हणता येतं.